बोटाची किंमत आणि माणसाची जागा

खडकीचे नाव शालेय पुस्तकात येते ते ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. पेशवाईच्या शेवटाचा आरंभ तेथे झाला. त्यानंतर खडकीत इंग्रजांची छावणी आली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, स्फोटक द्रव्यांचा कारखाना आला. सैनिक आणि कामगार हे दोन वर्ग या एका गावात दीडशे वर्षे शेजारी शेजारी राहत आले आहेत. दोघांचेही काम जोखमीचे. कामावर असताना हात, पाय, डोळा गमावण्याचा प्रसंग दोघांवरही येऊ शकतो. परंतु तो प्रसंग ओढवल्यानंतर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि त्या कशा वेगळ्या झाल्या याचा इतिहास खडकीच्याच परिसरात वाचावयास मिळतो.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जखमी हिंदी सैनिक बोटींनी मुंबईस येऊ लागले. कोणाचा हात कापलेला, कोणाचा पाय. या सैनिकांना पेन्शन देऊन गावी धाडले तर ते उरलेले आयुष्य ओसरीवर बसून काढतील, हे ओळखून लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत एक शाळा निघाली. मोटार आणि तेलावरचे इंजिन चालविणे, फिटरचे काम, शिवणकाम, यंत्रावरचे विणकाम असे धंदे अपंग सैनिकांना तेथे शिकविले जात. हीच शाळा १९२२ मध्ये खडकीस हलविण्यात आली. ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ या नावाने ती आजही तेथे उभी आहे.

शाळा खडकीत आल्यावर वर्षभरातच, १९२३ मध्ये, कारखान्यातील कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याआधी जखमी कामगाराच्या हाती काहीच नव्हते, म्हणून या कायद्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण दोन घटनांमधील फरक पाहण्यासारखा आहे. एकाच दशकात, एकाच सरकारच्या छत्राखाली, जखमी सैनिकाला शाळा मिळाली आणि जखमी कामगाराला दरपत्रक मिळाले.

दरपत्रक

दरपत्रक हा शब्द कठोर वाटेल. परंतु त्या कायद्याचे परिशिष्ट ज्याने एकदा वाचले आहे त्याला तो अतिशयोक्त वाटणार नाही. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली, १४ टक्के; तिची दोन पेरे गेली तर ११; एक पेर गेले तर ९; हाड शाबूत राहून नुसते टोक उडाले तर ५. मधले बोट १२ टक्के. करंगळी किंवा तिच्या शेजारचे बोट ७. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला, ४० टक्के. डोळा जागेवर आहे पण दृष्टी गेली, ३०. हे टक्के कशाचे? तर ‘कमाविण्याच्या शक्ती’चे. माणसाच्या कमाईच्या शक्तीतून एवढा भाग वजा झाला असे कायदा धरून चालतो आणि तेवढ्या भागाची रक्कम देऊन हिशेब पुरा करतो.

हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तीस वर्षांचा कामगार आहे, त्याची तर्जनी प्रेस मशीनमध्ये गेली. भरपाईसाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरावे असे २०२० मध्ये ठरले. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तीस वर्षे वयाला परिशिष्टातील गुणक २०७.९८. गुणाकार करून त्याचे १४ टक्के काढले की सुमारे २ लाख ६२ हजार रुपये होतात. कामगार राज्य विमा योजनेखाली असेल तर एकरकमी पैशाऐवजी त्याला आजन्म मासिक रक्कम मिळते. पगार १५,००० असेल तर या बोटाचे महिन्याला सुमारे १,९०० रुपये.

गणित चुकीचे नाही. पण त्याच्या तळाशी एक गृहीत आहे, आणि ते कोणी बोलून दाखवीत नाही. १४ टक्के शक्ती गेली, म्हणजे ८६ टक्के उरली, आणि त्या उरलेल्या शक्तीवर हा मनुष्य कोठे तरी कमावीत राहील, हे ते गृहीत. कोठे कमावील? ज्या यंत्रावर बोट गेले त्या यंत्रावर त्याला पुन्हा कोणी उभे करीत नाही; केले तरी तो उभा राहण्यास धजत नाही. दुसरे काम त्याला येत नाही, कारण ते त्याला कोणी शिकविलेले नाही. ठेकेदाराकडे त्याच्या जागी दुसऱ्या दिवशीच नवा मुलगा लागलेला असतो. कायद्याच्या हिशेबी १४ टक्के गेले. घरच्या हिशेबी पगार शंभर टक्के गेला. भरपाईची रक्कम येईपर्यंत उसनवारी झालेली असते आणि रक्कम आली की ती प्रथम उसनवारीत जाते.

जुन्या मुंबई रस्त्याने खडकीहून निघाले की मुळा ओलांडून दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड आणि आत वळले तर भोसरी, त्यापलीकडे चाकण. मोटारींचे मोठे कारखाने सर्वांना ठाऊक आहेत. त्या कारखान्यांना पत्र्याचे, लोखंडाचे, प्लॅस्टिकचे सुटे भाग पुरविणारी जी असंख्य लहान वर्कशॉपे गल्लीबोळांतून चालतात, ती बाहेरच्यांच्या नजरेस येत नाहीत. बोटे जातात ती बहुतांशी तेथे. मोटार उद्योगातील अपघातांचा मागोवा घेणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे अहवाल २०१९ पासून प्रसिद्ध होत आहेत. पॉवर प्रेसवर बोटे गमावणारे कामगार बहुतेक परप्रांतातून आलेले, ठेकेदाराकडचे आणि तरुण असतात, आणि त्यांतील कित्येकांचे विम्याचे कार्ड अपघात झाल्यानंतर काढले जाते, हे त्या अहवालांनी पुढे आणले. ज्याचे कार्डच अपघाताच्या दिवशी जन्माला येते, त्याला परत कामावर घेण्याचा विचार कोणी केला असेल ही अपेक्षाही व्यर्थ.

फिट आणि अनफिट

आता डॉक्टरांकडे वळू. जखम भरून येते. टाके निघतात. त्यानंतर एक कागद लागतो. टाइम ऑफिसमधला कारकून त्या कागदावर एकच शब्द शोधीत असतो: फिट की अनफिट. आपल्या कारखान्यांच्या व्यवहारात या दोन शब्दांच्या मध्ये तिसरा शब्द नाही. हाताच्या स्नायूची दोरी तुटून पुन्हा जोडली असेल तर पट्टी निघायला महिना-दीड महिना आणि जड काम करण्याइतकी ताकद यायला तीनेक महिने लागतात. मधल्या काळात हा हात काहीच करू शकत नाही असे नव्हे. तो मोजमाप तपासू शकतो, स्टोअरमध्ये नोंदी करू शकतो, हलका माल लावू शकतो. उलट, हळूहळू कामाला लावलेला हात लवकर सैल होतो; घरी बसवलेला हात आखडतो, आणि हाताबरोबर माणूसही आखडतो. जितका काळ तो कामापासून दूर राहील तितकी परत येण्याची शक्यता कमी होत जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. पण आमचा कागद विचारतो एकच: आठ तास, पूर्वीच्याच यंत्रावर, पूर्वीच्याच वेगाने? नसेल तर अनफिट.

ब्रिटनमध्येही डॉक्टरचा दाखला वर्षानुवर्षे असाच होता. एप्रिल २०१० मध्ये तेथे तो बदलला. नव्या दाखल्यावर ‘काही बदल केल्यास कामास योग्य असू शकेल’ असा एक रकाना आला आणि त्याखाली चार खुणा: हळूहळू कामावर रुजू होणे, कामाच्या वेळा बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे, जागेत किंवा साधनांत सुधारणा करणे. तेवढ्याने ब्रिटनमधील सर्व आजारी कामगार कामावर परतले असे समजण्याचे कारण नाही. पण मालक आणि कामगार यांच्यात बोलणे कोठून सुरू करावे हे तरी त्या कागदाने ठरले. जर्मनीने याच्या पुढे जाऊन २००४ मध्ये मालकावर बंधन घातले. कोणी नोकर बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी राहिला, तर तो परत कसा येईल आणि पुन्हा आजारी कसा पडणार नाही याचा विचार करण्यासाठी मालकाने त्याला बोलावणे धाडलेच पाहिजे. नोकराने नको म्हटले तर सक्ती नाही. ही बैठक न घेता आजारपणासाठी काढून टाकले तर कोर्टात मालकाची बाजू लंगडी पडते.

आपल्याकडे काय होते? १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या ७३ व्या कलमाने विम्याचा आजारभत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात काढून टाकण्यास मनाई केली. चांगले कलम. परंतु त्याचे संरक्षण भत्त्याच्या मुदतीपुरते. आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार-कपातीची जी व्याख्या घातली गेली, तिच्यातून ‘सततच्या अनारोग्या’मुळे केलेली सेवासमाप्ती वगळण्यात आली. म्हणजे धंदा मंदावला म्हणून माणूस कमी केला तर त्याला कपातीची भरपाई; माणूस आजारी पडला म्हणून कमी केला तर ती कपात नव्हे. पाऊणशतकाच्या सुमारास ही व्याख्या नांदली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९२३, १९४७, १९४८ चे हे सारे कायदे त्यांत विलीन झाले. भरपाईची व्यवस्था नव्या संहितेत आली. परत येण्याचा हक्क मात्र जुन्या घरात नव्हता, म्हणून नव्या घरीही तो आला नाही.

ज्यांना हक्क आहे

हे वाचणाऱ्यांत शिक्षक असतील, सरकारी कचेरीतील कारकून असतील. त्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण ती त्यांच्या उपयोगाची आहे आणि त्यांच्यापैकी अनेकांना ती माहीत नसते. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील ४७ व्या कलमाने असे ठरविले की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही, त्याचा दर्जाही खाली आणता येणार नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तशी जागा नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. २०१६ च्या नव्या कायद्यातही २० व्या कलमात ही तरतूद कायम आहे. सैन्य आणि पोलिस दलांतील लढाऊ कर्मचाऱ्यांना सरकारने अधिसूचनेद्वारा तिच्यातून वगळले आहे, एवढा अपवाद.

हे कलम नुसते शोभेचे नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंह यांच्या खटल्यात दाखविले. ते एका निमलष्करी दलात शिपाई होते. कर्तव्यावर असताना पायाला इजा झाली, पाय कापावा लागला आणि अपात्र ठरवून त्यांना घरी पाठविण्यात आले. त्यांना अपंगत्वाचे पेन्शन मिळते, मग नोकरी कशाला, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. पेन्शन दिले म्हणून नोकरी देण्याची जबाबदारी टळत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. पक्षाघातानंतर उजवा हात चालत नाही म्हणून ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या’ असा प्रेमळ सल्ला ज्या शिक्षकाला मिळतो, किंवा डोळ्यांनी दगा दिलेल्या ज्या लिपिकाला राजीनाम्याचा मसुदा तयार करून दिला जातो, त्याने सही करण्यापूर्वी हे कलम वाचावे.

परंतु हे कलम सरकारी आस्थापनांपुरते आहे. पत्र्याच्या वर्कशॉपात प्रेस चालविणाऱ्याला ते लागू नाही. एकाच कॉलनीत, एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोघांना एकाच आठवड्यात सारखीच इजा झाली तर सरकारी नोकराची जागा राहते आणि खाजगी कामगाराची जाते. आमच्या समाजाला ही तफावत फारशी खटकत नाही, याचे एक कारण असे की ज्यांना लिहिता-बोलता येते त्यांतील बरेच जण पहिल्या प्रकारात मोडतात.

खाजगी कामगाराला आणखी एक अडचण आहे. अपंगांसाठीच्या आरक्षणादी बऱ्याचशा सवलती ४० टक्के अपंगत्वापासून सुरू होतात. विमा महामंडळाने जखमी कामगाराला नवा धंदा शिकविण्यासाठी प्रशिक्षण-भत्त्याची तरतूद केली आहे, तिलाही किमान ४० टक्क्यांची अट आहे. वर दिलेले दरपत्रक पुन्हा पाहावे. तर्जनी १४, दोन बोटे २०, तीन बोटे ३०. म्हणजे तीन बोटे गमावलेला मनुष्यही सवलतीला पात्र होण्याइतका अपंग नाही आणि प्रेसवर परत घेण्याइतका धडधाकटही नाही. सरकारने अपंग हा शब्द टाकून दिव्यांग हा शब्द घेतला. या मधल्या माणसासाठी मात्र अद्याप कोणताच शब्द नाही.

सैनिकांनी काय केले

खडकीच्या त्या शाळेकडे पुन्हा पाहण्याचे कारण येथे येते. अंग गेले म्हणजे माणूस गेला नाही, त्याला दुसरे कौशल्य देता येते, आणि ते देणे हे पेन्शन देण्याइतकेच कर्तव्य आहे, असे मानून ती संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १९४४ मध्ये पुण्यातच सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या जवानांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९७४ मध्ये खडकीतच पार्क रोडवर त्यांच्यासाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. तेथील अनेक जवान पुन्हा सैन्यात जाणार नाहीत हे उघड होते. तरी त्यांच्यासाठी खेळ, चित्रकला, हाताला झेपेल ते काम यांची व्यवस्था झाली. सैन्याचे सारे काही आलबेल आहे असा याचा अर्थ नाही. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजविणारे माजी सैनिक थोडे नाहीत. पण उपचार, कृत्रिम अवयव, प्रशिक्षण आणि पुढचे काम ही एकाच साखळीची कडी आहेत ही समज तेथे आहे. नागरी बाजूला कड्या आहेत, साखळी नाही.

कड्या खरोखरच आहेत. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. १९६८ मध्ये केंद्रीय श्रम खात्याने मुंबई आणि हैदराबाद येथे अपंगांसाठी व्यवसाय-पुनर्वसन केंद्रे काढली. चिंचवडला मोहननगरात कामगार विम्याचे रुग्णालय आहे. परंतु रुग्णालयाला कारखाना दिसत नाही, कारखान्याला प्रशिक्षण केंद्र ठाऊक नसते आणि प्रशिक्षण केंद्राकडे कामगार पोहोचतो तो नोकरी गेल्यावर, पोहोचलाच तर. रुग्णालयात टाके काढणाऱ्या डॉक्टरने कारखान्याच्या फोरमनशी दहा मिनिटे बोलावे, अशी व्यवस्था कोठेही नाही.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव आता घरोघरी पोहोचले आहे. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला, कमरेखाली अधू झाला. उपचार म्हणून पोहू लागला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत अपंगांच्या ऑलिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक त्याने मिळविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. या कथेतील जिद्दीची वर्णने पुष्कळ झाली. जी बाब एका ओळीत आटोपली जाते ती अशी की त्यांनी पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पदक एका माणसाच्या बाहूंनी मिळते. नोकरी मिळण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी दार उघडावे लागते, टेबलाची उंची बदलावी लागते, शेजारच्या कामगाराला समजावून सांगावे लागते. आपल्याला पहिल्या गोष्टीवर चित्रपट काढता येतो. दुसरी गोष्ट कारखान्याच्या वहीत राहते.

मालकाचे म्हणणे

लहान मालकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. बारा माणसांच्या वर्कशॉपात ‘हलके काम’ कोठून आणायचे? बाकी अकराजण दिवसभर उभे आणि एकजण खुर्चीवर, हे किती दिवस चालेल? प्रश्न खोटा नाही. आपल्याकडे लाइट ड्यूटी म्हणजे गेटजवळच्या बाकावर बसवून ठेवणे असा अर्थ होऊन बसला आहे. तो कामगाराला अपमान वाटतो आणि मालकाला भुर्दंड. परंतु काम हलके करणे आणि माणसाला रिकामा बसविणे यांत फरक आहे. ज्या तुकड्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने भोक पाडावे लागते, तो तुकडा पकडणारे साधे फिक्स्चर बसविले की एका हाताचे काम वाचते. ते फिक्स्चर वर्कशॉपातलाच टर्नर करून देऊ शकतो. तपासणी, पॅकिंग, हत्यारांची नोंद ही कामे बारा माणसांतही असतात. ती आज सर्वांत वाटलेली असतात, इतकेच.

आणि खर्चाचे काय? विम्याची वर्गणी जुलै २०१९ पासून पगाराच्या ४ टक्के आहे, मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५. कामगार घरी बसला तर या निधीतून त्याला तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता पगाराच्या ९० टक्के दराने द्यावाच लागतो. त्याच भत्त्यातील काही भाग, तो चार तास कामावर आल्यास, उरलेल्या चार तासांसाठी देत राहिले तर मालकाला निम्म्या कामाचाच पगार द्यावा लागेल, कामगाराचे उत्पन्न घटणार नाही आणि निधीवरचा बोजा वाढण्याऐवजी कमी होईल. आज नियम असा की भत्ता हवा तर एक तासही काम करायचे नाही. बरा होत असलेल्या माणसाला घरी बसण्यासाठी पैसे देणारी ही पद्धत आहे, आणि ती मालक, कामगार, निधी या तिघांपैकी कोणाच्याच फायद्याची नाही.

कामगार संघटनांनीही या प्रश्नाकडे भरपाईच्या रकमेपलीकडे पाहिलेले दिसत नाही. करारात बोनस असतो, महागाई भत्ता असतो, कँटीनचा दर असतो. परतीचे कलम क्वचित. वास्तविक ते किती उपयोगी पडते याचा दाखला ऑगस्ट २०२५ मध्येच मिळाला. तेलंगणातील एसटीच्या एका चालकाला रंगांधळेपणामुळे काढून टाकण्यात आले होते. अपंगांच्या कायद्याच्या यादीत रंगांधळेपणा बसत नव्हता. पण १९७९ मध्ये संघटनेने केलेल्या करारात अशा चालकांना दुसरे काम द्यावे असे एक कलम होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाच्या आधारे त्याला दुसरे काम देण्याचा आदेश दिला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी कोणा संघटनेच्या चिटणीसाने आग्रहाने घालून घेतलेली ती दोन-चार वाक्ये, ज्याला त्यांनी कधी पाहिलेही नसेल अशा माणसाच्या कामी आली.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी वेतनकरार होतात. नव्या संहितांखाली नियम करण्याचे अधिकार केंद्राकडे आहेत तसे राज्याकडेही आहेत. सहा आठवड्यांहून अधिक काळ गैरहजर असलेल्या जखमी किंवा आजारी कामगाराला मालकाने बोलावून घ्यावे, डॉक्टरच्या दाखल्यावर फिट आणि अनफिट यांच्यामध्ये एक रकाना असावा, आणि अर्धवेळ कामाच्या काळात विम्याचा भत्ता तोडू नये, एवढ्या तीन गोष्टी मागण्यासाठी नव्या इमारतीची, नव्या महामंडळाची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. रुग्णालय मोहननगरात आहे, कारखाने भोसरीत आहेत, आणि शंभर वर्षे हेच काम करणारी माणसे त्याच रस्त्यावर, तासाभराच्या आत, खडकीत आहेत. त्यांची शाळा सैनिकांची आहे आणि ती त्यांचीच राहावी. ते काम कसे करतात हे पाहून येण्यास मात्र कोणाचीच हरकत नसावी.